सुलटी फिरवली ना?

“बनवून काय राहिले?”

गोंदियातल्या मिस्त्रींच्या सुतारी मशीनच्या दुकानात पाय ठेवला की नमस्कार नाही, या-बसा नाही, थेट हा प्रश्न. उत्तर पटलं नाही तर मिस्त्री पुन्हा पेपरात डोकं घालत. दुकान मांडून बसलेला आणि माल विकायचं टाळणारा माणूस तुम्ही कुठे पाहिला असेल तर मला जरूर कळवा. मी पाहिलेला हा एकच.

उभं आयुष्य सुतारकीत घालवून ते दुकानात बसले होते. एकदा माझ्यादेखत एका गिऱ्हाइकाने ऐटीत सांगितलं, “सबसे बडी मशीन दिखाओ.” मिस्त्रींनी त्याच्या हातात मोठं राउटर, म्हणजे लाकडाची कड कोरायचं मशीन दिलं, बंदच, आणि म्हणाले, “चाय येते तवरिक धरून उभे राहा.” चहा यायच्या आत तो गृहस्थ घामाघूम होऊन पान खायला म्हणून गेला, तो परत आलाच नाही.

मी शाळामास्तर. फुलचूरला घर, घरामागे पत्र्याची शेड, आणि मोबाइलवर सुतारकामाचे व्हिडिओ पाहून आलेलं अर्धवट ज्ञान. लाकडाच्या कडा गोल करायला राउटर हवं, इतपत मला कळलं होतं.

“बनवून काय राहिले, गुरुजी?”

“आईसाठी पाट.”

त्यांनी पेपर खाली ठेवला. मग मला सगळं सांगावंच लागलं. आईचे गुडघे गेले होते. विहारात तिला प्लास्टिकची खुर्ची देत, पण सगळे खाली बसलेले आणि आपण एकटी उंच, हे तिला सोसेना. “बुद्धाच्याबी वर डोकं जाते माहं,” म्हणून तिने विहारात जाणंच सोडलं होतं. तिला वीतभर उंचीचा, गोल कडांचा पाट हवा होता, तोही बुद्धपौर्णिमेच्या आत. घराची दारं करताना बाबांनी आणलेल्या सागवानाची एकच फळी उरली होती. बाबा आता नाहीत, त्यामुळे दुसरी मिळण्यासारखी नव्हती.

मिस्त्रींनी एका मुठीत मावेल असं लहानसं मशीन काढलं. “हे न्या. एका पाटाले बस्स होते.”

माझा चेहरा पडला. शेजारच्या बँकवाल्याकडे दोन मुठींचं, गुरगुरणारं मशीन होतं. त्याच्यापुढे हे खेळणं घेऊन कसा जाणार?

“मोठं पाहिजे.”

“काऊन? पाट बनवाचा हाये का दाखवाचा हाये?”

मला राग आला. मी उठलो. मागून ते ओरडले, “फिरवाची कोणीकडून, थे तरी आयकून जा!” “माहीत आहे,” म्हणत मी सायकलवर टांग मारली. मला काहीही माहीत नव्हतं.

मोठं मशीन मी नागपूरहून आणवलं. फळी टेबलावर आवळली आणि कडेकडेने मशीन फिरवायला लागलो, जन्मभर विहाराला फिरत आलो त्याच दिशेने, घड्याळाच्या काट्यांसारखं. दुसऱ्या वळणावर ते यंत्र उधळलं, माझ्या हातून सुटून फळीचा लचका तोडत पळालं आणि शेडच्या पत्र्यावर आदळलं. आई दारातून सगळं बघत होती. तिने येऊन आधी बाबांच्या फळीवरचा भुसा पुसला. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी फळी बगलेत मारून मी दुकानात गेलो. मिस्त्रींनी फळीकडे पाहिलंच नाही. “बोटं दाखवा.” मी दाखवली. त्यांनी मोजली. “दहा हायेत. आता फळी आना.”

लचक्यावरून अंगठा फिरवून ते म्हणाले, “सुलटी फिरवली ना? तुम्ही विहाराले सुलटे फिरता, आमी देवळाले सुलटे फिरतो. आपल्या हाताले सवयच थे. फळीची बाहेरची कड मातर उलटी फिरवा लागते. नाई त मशीनच तुमाले ओढत नेते.”

“आता?”

“आता काय, पाट थोडा अरुंद. माय मोठी हाये का?”

“बारीक आहे.”

“मंग झालं त.”

त्यांनी खराब कड कापली, लहान मशीन माझ्या हातात दिलं आणि तिथेच दुकानात मला टेबलाभोवती उलटं फिरवलं. माझ्यामागे वायर उचलून ते स्वतः फिरत होते. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. कड लोण्यासारखी गोल होत गेली.

“थे मोठी मशीन फुलचूरलेच ठेवा,” निघताना ते म्हणाले. “पाहुणे आले का दाखवाले. आन माय बसली का नाई, येऊन सांगजा.”

पौर्णिमेला आई विहारात बसली. सगळ्यांच्या ओळीत, वंदना संपेपर्यंत. उठताना तिने माझा हात धरला नाही, पाटाच्या कडेवर हात टेकून उठली. मला रडूच आलं.

मिस्त्रींना पाटच नेऊन दाखवू असं मी ठरवलं. पण त्यांनी नावं ठेवू नयेत म्हणून आणखी घासला, पॉलिशचा आणखी एक हात दिला, तो वाळू दिला. यात महिना गेला. गेलो तर दुकानाला कुलूप. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, नागपूरच्या दवाखान्यात वारले.

मी त्यांच्या घरी सौंदडला गेलो. त्यांच्या बायको ओसरीवर बसल्या होत्या. मी नाव सांगितलं, तर त्यांनीच विचारलं, “बसली का तुमची माय?”

काखेतला पाट मी ओसरीवर टेकवला.

“दवाखान्यात इचारत होते. म्हणत, गुरुजी येतीन सांगाले.”

“बसली. वंदना संपेपर्यंत.”

“मंग इतके दिवस कायले लावले जी?”

पॉलिश वाळायची वाट बघत होतो, हे मला सांगवलं नाही.