भोपळ्याला लावलेली हळद

दिवाळीच्या सुट्टीत आमचं घर ट्रकमध्येच असायचं म्हणा ना! वडील पनवेलहून मीठ भरून घाटावर न्यायचे, आई नि मी बरोबर. ताडपत्रीखाली अर्ध्यात पोती, अर्ध्यात आमचं बिऱ्हाड: चटई, स्टो, मसाल्याचा डबा. बोरघाट चढताना आई पाण्याचा हंडा मांडीत धरून बसायची नि वडलांच्या नावानं ओरडायची.

एका वर्षी मिरजेला मीठ उतरवलं. परतीचा गूळ सकाळी भरायचा होता, म्हणून गाव बघायला निघालो. दर्गा बघितला, मग तंबोरे-सतारी करतात त्या गल्लीत शिरलो. दारोदार हे एवढाले वाळलेले भोपळे टांगलेले.

"येवऱ्या भोपल्याची भाजी कोन खातं गो?" आईनं मलाच विचारलं.

आतला म्हातारा कारागीर पोटभर हसला. "या ताई, बसा." त्यानं एक तयार तंबोरा छेडला, आणि सारखी बडबडणारी माझी आई तंबोऱ्याजवळ सरकून बसली. हळूच म्हणाली, "याच्यावर येकदा आवाज लावून बगावा वाटतं."

"मग लावा की!"

पण अडचण होती. आई आमच्या आगरी लग्नांत धवले गाणारी धवलारीण. तिच्या आईनं तिला बजावलेलं, लग्न नसताना धवला गायचा नाही, पुढच्या नवरीला बाधतं.

"दुसरं काय तरी गा," वडील म्हणाले.

"दुसरं मना येतं कुटं?" आई उठली. पण पाय काही निघेना तिचा.

म्हातारा तेव्हा एका भोपळ्याला लाकडी दांडी जोडत होता. म्हणाला, "ताई, हेपण लग्नच. भोपळा एका गावचा, लाकूड दुसऱ्या गावचं. आज जोडलं की जन्माचं."

आम्ही हसलो. आई हसली नाही. "हलद लावलीव का?"

"आता हिचं डोकं फिरलं," वडील पुटपुटले. पण मला ट्रककडे पिटाळलंच. मी मसाल्याच्या डब्यातली हळद आणली. आईनं ती पाण्यात कालवून भोपळ्याला बोटं लावली. "असू द्या," म्हातारा म्हणाला, "वरून रंग येतोच." त्यानं तयार तंबोरा मांडीवर घेतला.

आई गायली. मांडवातल्या गलक्यावर ओरडून घोगरा झालेला तिचा गळा, पण त्या तारांनी त्याला असा काही हात दिला की काय सांगू! शेजारच्या दुकानातली माणसं हातातलं काम तसंच घेऊन दारात आली. पाठवणीच्या धवल्याला आईचे डोळे वाहायला लागले. "दादा, चांगल्या घरी दे रं हिला," एवढंच म्हाताऱ्याला म्हणाली.

पुढं शेजारच्यांच्या रेडिओवर गाण्यामागं तंबोरा लागला, की हातातलं काम टाकून ऐकायची.

माझ्या लग्नात धवला तिनंच म्हटला. हळद लावताना सगळ्या बायका रडत होत्या, हिचे डोळे कोरडे. मी रुसून विचारलं, तर कानाशी येऊन म्हणाली, "तुज्या आदी येक उजवलीय ना मी. रडून झालंय माजं."

आणि मग रडली.