मामीच्या दहाव्याला वाजलेली जाहिरात

मामीच्या दहाव्याला आम्ही दुधनेच्या काठी, पिंडापासून जरा लांब, गप उभे होतो. कावळा बाभळीवर बसून होता आणि काही केल्या पिंडाला शिवत नव्हता. कंटाळून मी, नालायकासारखा, मोबाईलवर गो उघडला. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी एकमेकांना वेढायचा हा खेळ. अ‍ॅप फुकट, पण मधूनच जाहिरात येते. आवाज बंद करायचं भान मला राहिलं नाही. कावळा खाली उतरला, पिंडाकडे चोच नेली, आणि माझ्या हातात कुठल्यातरी साबणाची बाई मोठ्यानं गायला लागली. कावळा उडाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामांनी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुझ्यातच जीव अडकला आसंल तिचा. पुढं हो, हात जोड, बोल काहीतरी."

मामी आजारी असताना मी बदनापूरला तिला भेटायला गेल्तो. तेव्हाही तिच्या खाटेशेजारी बसून हेच खेळत होतो. "काय खेळून राह्यला रे? मला बी दाखव की," ती म्हणाली होती. मी मान वर न करताच म्हणालो, "तुला न्हाई कळायचं."

आता हात जोडले, तर तोंडातून एवढंच निघालं, "मामी, दाखवतो तुला."

कावळा आला आणि पिंडाला शिवला.

मामांनी डोळे पुसले. "काय दाखवायचं राह्यलं व्हतं रे?" त्यांनी विचारलं.

मोबाईल खिशातच होता. मी म्हणालो, "काही न्हाई."