विहीणबाईंचं गुळगुळीत कपाळ

मैत्रिणींनो, आज घोडबंदर रोडवरून विहीणबाई आल्या आमच्या डोंबिवलीला. चेहऱ्यावर एक सुरकुती नाही! मला शंकाच आली. म्हणाल्या, "अहो, कपाळात इंजेक्शन घेतलं. उद्या तुम्हीपण चला."

सुईने वय जातं होय? मला काय पटेना.

तेवढ्यात आमची नात उठली, पाच महिन्यांची गोड बाहुली. मी भुवया उडवून आठ्या पाडल्या की खदखदून हसते. आजही हसली. विहीणबाई म्हणाल्या, "थांबा, मी करते." पण त्यांचं कपाळ हलेचना! पोरगी नुसती टकामका बघत राहिली. विहीणबाईंचे डोळे भरले हो.

मी नाही जाणार. पण त्या इंजेक्शनचा असर उतरतो का कधी? माहीत असेल तर सांगा, विहीणबाईंना कळवते.