उंची आणि डोळे

पायलट व्हायला बारावीत कोणते विषय लागतात, हे मी कुणालाच विचारलं नाही. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात आर्ट्स घेतलं, कारण तास लवकर सुटायचे. बाबांना मात्र छातीठोकपणे सांगितलं, नागपूरला फक्त उंची आणि डोळे बघतात.

ऐन रोवणीत, लावणीसाठी उपटलेल्या धानाच्या रोपांच्या, म्हणजे पऱ्ह्यांच्या जुड्या शेतातल्या बांधीतच टाकून बाबा माझ्यासोबत नागपूरच्या विमान चालवायला शिकवणाऱ्या क्लबात आले. तिथल्या बाबूने गुणपत्रिका उलटसुलट पाहिली.

"फिजिक्स, मॅथ्स कुठे आहे?"

"मराठीत पंच्याहत्तर आहेत," मी म्हणालो.

तो हसलासुद्धा नाही. बाबांनीच हात जोडले, "साहेब, पोरगा धडधाकट आहे. काहीच नाई होत का?"

काहीच होत नव्हतं. परतताना नाल्याच्या पुराने बस अडली आणि तिसऱ्या दिवशी घरी पोचलो, तोवर निम्म्या जुड्या पिवळ्या पडल्या होत्या. तेवढी बांधी यंदा पडीक राहणार होती. बाबा पिवळ्या जुड्या उचलून बाहेर फेकू लागले, तसा मी घाबरून चिखलात उतरलो आणि उरलेले पऱ्हे भराभर खोचू लागलो. मागे वळलो तर माझी अख्खी ओळ पाण्यावर तरंगत होती.

"नीघ बाहेर," बाबा म्हणाले. "तुह्या हातानं जमिनीत धान नाई रुतत, अन् तू विमान उडवून राह्यला!"