बापूसाहेबांच्या जीपची चेसी

गॅरेजवाल्याला किस्से शोधावे लागत नाहीत. माणूस बॉनेट उघडतो, सोबत तोंडही उघडतो. आपण हात पुसत ऐकायचं. देवगाव फाट्यावर रशीदमिस्त्रींच्या हाताखाली मी वेल्डिंग करतो. एकट्या बापूसाहेबांच्या जीपनं एवढे किस्से दिले, की बाकीची गिऱ्हाईकं लाजावीत!

बापूसाहेब पाथरीकडचे माजी सरपंच. जीप त्यांच्या वडिलांची, जुनीपुराणी. जिल्हा परिषदेच्या प्रचाराला त्याच जीपमध्ये उभं राहून हात जोडायचे, असं ठरवून आले.

"चेसी एकदम ओके हाय. निस्ता कलर मारा."

मिस्त्री वाकले आणि खालच्या सांगाड्यावर हातोडी हळूच टेकवली. हातोडी आरपार!

बापूसाहेब शांतपणे म्हणाले, "तुमची हातोडी लय टोकदार हाय, मिस्त्री."

*

बॉडी उतरवली. चेसीचे गंजलेले तुकडे कापून नवे बसवायचं ठरलं. मापात फरक पडला की गाडी खेकड्यासारखी तिरकी पळते, म्हणून मिस्त्री या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात दोरी ताणून बसले होते.

तेवढ्यात बापूसाहेबांचे जावई आले. पुण्यात इंजिनियर! त्यांनी चेसीवर मोबाईल ठेवला. "अ‍ॅपमध्ये लेव्हल परफेक्ट दाखवतंय."

मिस्त्रींनी दोरी सोडली नाही. "फिर अ‍ॅपकूच चाकं लगाव, जावईबापू!"

*

आता माझी लाज सांगतो. वेल्डिंग थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला करायचं असतं, नाहीतर तापून लोखंड ओढलं जातं. मला जेवायची घाई. एक बाजू एका दमात संपवून टाकली.

मिस्त्रींनी दोरी लावली. चेसी अर्धा इंच वाकडी!

"वेल्डिंग बोल्या था, इस्तरी नै!"

दोन दिवस माझंच काम मी कापत बसलो. बापूसाहेबांना मात्र काही वाटलं नाही. "राहू द्या की अर्धा इंच. आमच्यात एवढं वाकडं चालतं."

*

दुसऱ्यांदा सगळं जुळवून वेल्डिंगचे नुसते तात्पुरते टाके मारले. सकाळी बापूसाहेब चार कार्यकर्ते आणि नारळ घेऊन हजर. मिस्त्री "अरे, नक्को!" म्हणेपर्यंत त्यांनी नारळ चेसीवर आपटलाच.

कडाक्!

कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. "फुटला, बापू, एका दणक्यात फुटला!"

फुटला होता आमचा टाका. नारळ अख्खाच्या अख्खा घरंगळत रस्त्यावर गेला.

*

राहता राहिली मागची आडवी पट्टी. तिला पूर्वी कुणीतरी भलामोठा पत्र्याचा तुकडा जोडला होता. उमेदवारीचा फॉर्म भरायला दोनच दिवस उरलेले, त्यामुळे बापूसाहेब स्वतः खुर्ची टाकून समोर बसलेले. बाजूच्या बाकड्यावर त्यांच्याच गावचे सोपानमामा. मेंढरं न्यायच्या टेम्पोची जाळी जोडायला आणली होती त्यांनी.

मी तुकडा कापला. तो उलटा होऊन बापूसाहेबांच्या पायाशी पडला. कडा जळालेल्या, पण आतला निळा रंग जसाच्या तसा. त्यावर ठसठशीत पांढरी अक्षरं: 'नळ पाणीपुरवठा योजना'. खाली गावाचं नाव. त्याखाली 'सरपंच', आणि पुढं बापूसाहेबांचं पूर्ण नाव!

बापूसाहेबांनी चप्पल हळूच अक्षरांवर सरकवली.

मिस्त्री भोळा माणूस. त्यांनी तुकडा उचलला, बोट फिरवलं, उजेडात धरला. "कमाल है! पूरी चेसी पानी ने खा डाली. इस पाटी को पानी कैसा नै लग्या?"

सोपानमामांनी तंबाखूची पिचकारी बाजूला टाकली.

"गावालाच न्हाई लागलं, तर पाटीला कुठून लागंल?"