पंधरा दिवसांचं पाणी

बोटांच्या चिमटीत ते पान धरलं की गार, टणक लागायचं. आत किती पाणी साठलेलं आहे, याचा अंदाज त्या टणकपणावरूनच यायचा. वाळवंटातलं इवलंसं झाड ते! जाड, टोकदार पानं, त्यांवर आडवे पांढरे पट्टे आणि उंची माझ्या अंगठ्याएवढी. सत्तरच्या दशकात मी मोहोपाड्याच्या कॉलनीत राहत होतो, कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होतो. तिथल्या एका निवडुंगवेड्या सहकाऱ्यानं ते मला दिलं. झाडाचं लांबलचक परदेशी नाव मला कधी पाठ झालं नाही.

त्याचा संसार तो केवढा! वनस्पती तुपाचा रिकामा डबा, त्याच्या बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं, तळाशी विटांचे तुकडे, वर पाताळगंगा नदीतली जाड रेती आणि नावापुरती माती. ऊन सकाळचं कोवळं, पाणी पंधरा दिवसांतून एकदा अर्धा पेला, आणि पावसाळ्यात जवळजवळ तेही नाही. खिडकीत डबा ठेवला की आपण आपल्या कामाला मोकळे. जोपासना म्हणजे सतत काहीतरी करत राहणं, असं आपण का धरून चालतो? काही जिवांना हात आखडता घेणाराच मानवतो. पण गुडघाभर चिखलात भात लावणाऱ्या आमच्या मुलखात हे कुणाला पटावं!

आईला तर नाहीच पटलं. वडील गेल्यावर ती गावाहून माझ्याकडे राहायला आली होती. तिच्या लहानपणी आमच्या लोकांना गावच्या विहिरीला हात लावायची बंदी होती. रिकामी कळशी घेऊन दूर उभं राहायचं, आणि कुणाला दया आलीच तर त्यानं वरून धार सोडायची. अर्धा अर्धा दिवस ती अशी उभी राहिलेली. पुढे आम्ही बौद्ध झालो, मी शिकलो, घरात नळ आला. तरी सकाळी पाणी आलं की आई वाट्यांसकट सगळी भांडी भरून ठेवायची. दारात पोस्टमन येवो की भंगारवाला, आधी पाण्याचा तांब्या पुढे, मग काम काय ते.

अशा बाईच्या डोळ्यांदेखत एक झाड पंधरा पंधरा दिवस कोरडं! मी कामावर गेलो की ती त्याला रोज पेलाभर पाणी घालत होती, हे मला पानं मऊ पडली तेव्हा कळलं. उपटून पाहतो तर मुळं काळी, कुजलेली. "तहानलेलं हाय रं ते," आई म्हणाली, "त्याला तोंड नाय म्हून काय झालं?" मी कुजका भाग ब्लेडनं कापला, उरलेला शेंडा चार दिवस वर्तमानपत्रावर सुकवला आणि नव्या रेतीत खोचला. चिडलो होतो; बोलून गेलो, "आई, आजपासून या झाडाच्या पाण्याला हात लावायचा नाही."

हातातला पेला तिनं ओट्यावर ठेवला आणि दोन पावलं मागं सरली. मी आपला झाडाच्या काळजीत! महिन्या-दीड महिन्यात त्याला मुळं फुटली, पानं पुन्हा टणक झाली, आणि स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

मग एका रविवारी दुपारी मी पेपर वाचत बसलो असताना आई पेला घेऊन आली. खिडकीपाशी गेली नाही. दोन पावलं अलीकडेच थांबली. "आज देऊ का रं पानी?" तिनं विचारलं. आवाजात रुसवासुद्धा नव्हता. विहिरीपाशीही ती असंच विचारत असणार. माझ्या घरात, आमच्या नळाखाली भरलेला पेला हातात धरून माझी आई माझ्याकडे परवानगी मागत होती! इतकी लाज मला स्वतःची कधी वाटली नव्हती.

रेती अजून ओलसर होती. मी उठलो आणि म्हणालो, "घाल आई. इचारायचं नाय." तिनं पेला रिकामा होईपर्यंत पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी घातलं, तिसऱ्या दिवशीही घातलं. झाड महिनाभर तगलं, मग गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पाणी घालताना आईला मला विचारावं लागेल, असं झाड मी पुन्हा घरात आणलं नाही.