उशीर झालेल्यांचा फंड

किस्से काही कोणी ठरवून साठवत नाही. वर्षानुवर्षं एकाच पडवीत एकाच मेजाशी बसलात की ते आपोआप जमतात. मी रत्नागिरीला झाडगावात भाऊंच्या पडवीत अकरा वर्षं कारकुनी केली. पेन्शन मिळाली नाही, पण हे मात्र सोबत आले. इस्टेट म्हणावी तर माझ्यापाशी एवढीच आहे, आणि ती वाटायला मला आवडते.

भाऊ म्हणजे मुंबईच्या एका विमा कंपनीत हेडक्लार्क म्हणून नोकरी करून गावी परतलेले गृहस्थ. वकील नव्हेत, सावकार नव्हेत. धंदा करणाऱ्याला, कर्ज देणाऱ्याला, संस्था चालवणाऱ्याला सल्ला द्यायचा आणि त्याची फी घ्यायची, हा त्यांचा व्यवसाय. असा व्यवसाय असतो हेच गावाला तोवर ठाऊक नव्हतं. वैद्य निदान पुडी तरी देतो!

माणूस आला की भाऊ त्याचं सगळं ऐकून घ्यायचे. मग एका कागदाच्या मधोमध रेघ ओढायचे. सगळं नीट झालं तर काय मिळेल, ते डावीकडे लिहायचे. मग उजव्या कोऱ्या भागावर बोट ठेवून विचारायचे, "आणि बुडालं तर?"

आता आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. अशा मुलखात हा माणूस दर्यावर पोट असलेल्यांना सकाळी सकाळी हा प्रश्न विचारणार! पहिल्या वर्षी निम्मी माणसं पायरीवरूनच परत गेली. मला माझ्या पगाराची काळजी वाटू लागली होती.

*

राजिवड्याचा दाऊद नाखवा त्यातलाच. एक जुना शिडाचा मचवा विकत घ्यावा आणि मलबारहून कौलं आणावीत असा त्याचा बेत होता. डावी बाजू छान भरली. उजवीकडे बोट गेलं, प्रश्न आला, आणि दाऊदने छत्री उचलली. तो पायरी उतरून निघून गेला.

आठ दिवसांनी परत आला. पायरीवर उभा राहून म्हणाला, "काय इचारायचा ता इचारा. पण तो सबूद नको."

"मग विचारू कसं?"

"ता तुम्ही बघा. फी तुम्ही घेता."

भाऊ हसले. अकरा वर्षांत भाऊंची फी इतक्या नेमक्या जागी कोणी दाखवली नाही. त्या दिवसापासून दाऊद बुधवारचा हक्काचा पाहुणा झाला. मचवा त्याने घेतलाच.

*

मचव्याला पैसे दिले सखारामशेटनी. पेठेत कापडाचं दुकान, जोडीला सावकारी, आणि दोन्हीकडे माप चोख. भाऊंचा सल्ला ते कर्ज देऊन झाल्यावर घ्यायला आले, कारण आधी घेतला असता तर फी वाया गेली असती असं त्यांचं म्हणणं.

भाऊंनी विचारलं, कर्जाला तारण काय? शेट म्हणाले, मचवा. मचवाच राहिला नाही तर? शेट म्हणाले, मग नाखवा आहे की, उमदा माणूस, पै न् पै फेडील.

"आणि नाखवा कुठे असतो?" भाऊंनी विचारलं.

मचव्यावर दाऊद, दाऊदवर कर्ज, आणि वसुलीला मागे उरलं म्हणजे राजिवड्यातलं कौलारू घर, त्यात त्याची बायको खतिजाबी आणि चार वर्षांचा मुलगा. कागदाच्या उजव्या बाजूला भाऊंनी एवढंच लिहिलं, "घर." शेटनी कागद जवळ ओढून तो शब्द वाचला. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कोणी इतक्या पुढचं विचारलं नव्हतं.

*

सगळेच सल्ले काही असे लागू पडत नसत. एक आंबेवाले मोसमाच्या अखेरीस सगळ्या पेट्या एकाच आगबोटीने मुंबईला धाडायला निघाले होते. भाऊंनी सांगितलं, निम्म्या आज, निम्म्या पुढच्या बोटीने. पहिल्या निम्म्यांना सोन्याचा भाव आला. दुसऱ्या पोचेपर्यंत बाजार आंब्यांनी भरला आणि त्या मातीमोल गेल्या. गृहस्थ पडवीत येऊन तासभर भांडले. निम्मा माल तुमच्या सल्ल्याने घालवलात म्हणाले. भाऊंनी फी परत केली नाही आणि वादही घातला नाही.

पुढच्या वर्षी पहिली बोट वादळाने जयगडला अडकली आणि तिच्यावरचा आंबा सडला. त्या वर्षी ते भांडायला आले नाहीत. एक पेटी तेवढी आली, चिठ्ठीशिवाय.

*

मुलींच्या शाळेच्या कमिटीने मात्र भाऊंना चांगलंच अडचणीत आणलं. इमारतीसाठी घरोघर फिरून वर्गणी जमवलेली, आणि ती सगळीच्या सगळी सखारामशेटकडे ठेवलेली. शेट कमिटीवर होते, व्याजही बरं देत. भाऊंना फक्त हिशेब नजरेखालून घालायला बोलावलं होतं. त्यांनी भर सभेत विचारलं, "उद्या शेट नसले तर?"

शेट समोरच बसले होते. हेडमास्तरीणबाईंच्या हातातला चहा हिंदकळला. मी कपाळाला हात लावला. अध्यक्षांनी विषय बदलून वार्षिक समारंभाचा काढला आणि सभा कशीबशी उरकली.

दुसऱ्या दिवशी शेट स्वतः पडवीत हजर. सोबत शाळेची निम्मी रक्कम. भाऊ माफी मागायला उठणार, तोच शेट म्हणाले, "ही पोस्टात ठेवा. मी नसलो तर दुकान मुलांकडे जाणार. आणि माझी मुलं मला ठाऊक आहेत."

*

भाऊंना तोडीस तोड भेटल्या त्या घरातच. काकू सहसा पडवीत येत नसत. एकदा आवळ्याचं सरबत घेऊन आल्या आणि मेजावरचा तो रेघ ओढलेला कागद त्यांनी पाहिला. डावीकडे वाचलं, उजवीकडे वाचलं, आणि सहज विचारलं, गावाचं सगळं लिहून देता, मग तुमच्या मागे माझं काय, ते कुठे लिहिलंय?

भाऊ उठले आणि सुपारीला पाणी घालायला निघून गेले. भर पावसाळ्याचे दिवस होते. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी सरबताकडे पाहिलं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की भाऊ तो प्रश्न धीट होते म्हणून विचारत नव्हते. मुंबईला पंधरा वर्षं त्यांनी बुडालेल्या बोटींचे कागद हाताळले होते. त्या प्रश्नाची सगळ्यात जास्त भीती त्यांनाच वाटत होती.

*

दाऊदच्या घराचा तो कागद भाऊंनी टाकून दिला नव्हता. त्यातूनच फंड निघाला. प्रत्येक मचव्याने दर फेरीमागे थोडे पैसे बाजूला टाकायचे. एखादा मचवा गेलाच, तर त्याचं कर्ज फंडाने फेडायचं आणि घरी तीन वर्षं महिन्याचे दहा रुपये द्यायचे. भाऊ चिटणीस, शेट खजिनदार. नाखव्यांना कल्पना पटली. अडलं ते नियम लिहिताना. 'मचवा बुडाल्यास' असं ज्या कागदावर लिहिलंय, त्यावर एकही नाखवा अंगठा उठवीना.

तीन बुधवार गेले. शेवटी दाऊदच म्हणाला, "लिवा, उशीर झाल्यास."

भाऊंना ते मुळीच पटलं नाही. कंपनीत असं वाक्य लिहिलं असतं तर नोकरी गेली असती म्हणाले. पण दुपारपर्यंत एकोणीस अंगठे उठले.

*

पंधरा दिवसांत मिरकरवाड्याचा एक नाखवा दाढी वाढलेल्या अवस्थेत पायरीवर उभा. वारा पडल्यामुळे त्याचा मचवा चार दिवस उशिरा आला होता. नियमाप्रमाणे माझं कर्ज फेडा म्हणाला! भाऊंनी नियम दोनदा वाचला. त्याचं काहीच चुकत नव्हतं. अखेर त्याला चहा पाजला, आपल्या खिशातले दोन रुपये दिले आणि हात जोडले.

तेव्हा उशीर म्हणजे किती उशीर, हे ठरवायला पुन्हा सभा. महिना, दोन महिने, सहा महिने, ज्याच्या त्याच्या तोंडी निराळा आकडा. तोडगा पुन्हा दाऊदनेच काढला. पावसाळ्याच्या तोंडावर सगळे मचवे किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारतात. शेवटचा मचवा शाकारून झाला, तरी जो आलेला नसेल, त्याला उशीर झाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ते तसंच लिहून घेतलं.

*

त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी राजिवड्याला शेवटचा मचवा शाकारून झाला आणि दाऊदची जागा रिकामी राहिली.

पैसे घेऊन भाऊ स्वतः गेले, मी बरोबर होतो. वाटेत ते मला दोनदा म्हणाले, बाईला स्पष्ट सांगायला हवं, आशेवर ठेवणं हा अन्याय आहे. मला त्यांचा राग आला होता. दाऊद माझाही मित्र होता.

खतिजाबी दारात आली. तिने पैशांकडे पाहिलं. "भाऊ, हे पैसं कसलं?"

तो प्रश्न शेकडो लोकांना विचारत आलेला माणूस उंबऱ्यापाशी उभा होता. त्याने टोपी काढली, परत घातली. "दाऊदला जरा उशीर होतोय," भाऊ म्हणाले, "म्हणून."

"मग तो आला का मी परत देईन."

"बरं," भाऊ म्हणाले.

पडवीत आल्यावर त्यांनी मला ती रक्कम खर्चात नव्हे, येण्यात, म्हणजे परत यायच्या रकमांत, लिहायला सांगितली. मी लिहिली. माझा राग तोवर गेला होता.

*

तीन वर्षांत खतिजाबीला द्यायचं ते देऊन झालं. पण दर वर्षाअखेर हिशेब मांडताना शेट त्या ओळीवर बोट ठेवायचे. बुडीत येणं वेळीच सोडून द्यावं, हे तुम्हीच सगळ्या गावाला शिकवलंत, मग हे अजून का ओढताय? भाऊ चष्मा पुसत म्हणायचे, "मचवा यायचाय." शेट सही करायचे. तो माणूस आयुष्यात खोट्या हिशेबाखाली सही करत आला तो एवढ्याच एका ओळीपुरता.

माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. दाऊदचा मुलगा हाताशी आला होता, आगबोटीवर खलाशी लागला होता. बुधवारची सकाळ होती, शेट आणि भाऊ हिशेबाला बसले होते, आणि खतिजाबी पायऱ्या चढून आली. तिने फडक्यात बांधलेलं गाठोडं मेजावर ठेवलं. आत रुपये होते. भाऊंनी गाठोड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची मागे सारून ताडकन उभे राहिले.

"दाऊद आला?"

"नाय भाऊ. तो आता नाय यायचा," ती म्हणाली. "बुडाला तो. लिवा तुमच्या वहीत."

शेटनी मान खाली घातली. मी टाक हातात धरून बसलो होतो. भाऊ हळूहळू खाली बसले. त्यांनी तिला नियम समजावून सांगितला. तसं असेल तर हे पैसे तिचेच होतात, फंडाला परत द्यायचे नसतात. त्यांनी गाठोडं तिच्याकडे सारलं.

खतिजाबीने ते पुन्हा मेजाच्या मधोमध आणून ठेवलं.

"असूद्या," ती म्हणाली. "आणि कोणाला उशीर झाला, तर लागतील."